खांदेपालट

धावणाऱ्या माणसाला थांबवता येतं. धावून आलेल्या माणसाला थांबवता येत नाही. हा सिद्धान्त मी पुस्तकातून घेतलेला नाही. माझ्या शाळेपासूनच्या एका मित्राने वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिली अर्धी मॅरेथॉन पळून काढली आणि तेव्हापासून आमच्या संध्याकाळच्या गप्पा बंद पडून त्या जागी प्रवचनमाला सुरू झाली. पूर्वी हा गृहस्थ कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलासुद्धा स्कूटर काढत असे. आता तो दूध आणायला धावत जातो आणि घरी येईपर्यंत पिशवीत लोणी तरंगू लागलेलं असतं.

मॅरेथॉनचं पूर्ण अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. यातले बेचाळीस किलोमीटर मी समजू शकतो. काही माणसांना धाप लागल्याशिवाय चैन पडत नाही. पण ते वरचे १९५ मीटर कशासाठी, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. त्याचा उलगडा असा, की १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. तेव्हा जे अंतर भरलं तेच पुढे १९२१ मध्ये नियमात बसवलं गेलं. म्हणजे राजघराण्याला शेवट नीट दिसावा म्हणून आखलेलं अंतर आज जगभरची प्रजा स्वतःच्या खिशातून फी भरून पळते आहे. राज्यं जातात, पण राजनिष्ठा कुठे ना कुठे उरतेच.

"मॅरेथॉन म्हणजे आयुष्यच आहे," हे मित्राचं पालुपद. त्याच्या प्रवचनात एकूण चार धडे असतात. पहिला : सुरुवातीला जोरात पळू नये. दुसरा : शेजारचा किती जोरात पळतो ते बघू नये. (हे सांगताना तो मोबाइलवर बाकीच्यांच्या वेळा तपासत असतो.) तिसरा धडा भिंतीचा. तीस-बत्तीस किलोमीटर झाले, की शरीरात साठवलेली साखर संपत येते, पाय शिशाचे होतात आणि मन म्हणतं, बाबा रे, पुरे कर. याला ही मंडळी 'भिंत' म्हणतात. "ती भिंत जो ओलांडतो, त्याला आयुष्यात काही अशक्य नाही," असं तो एकदा अगदी रंगात येऊन सांगत होता. तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "न्हाणीघराची भिंत गेल्या पावसाळ्यापासून झिरपते आहे. आधी तिचं बघा."

चौथा धडा सगळ्यात मोठा. तो सांगताना मित्राचा आवाज खाली येतो. "काही झालं तरी सोडायचं नाही. धरून ठेवायचं. शेवटपर्यंत." आणि मग तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो, की मी हातातला चहाचा कप घट्ट धरतो.

हा धडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्यामागे मोठी माणसं उभी आहेत. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यापाड्यांतली माणसं अनवाणी पळाली. ती पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात आलं, की ही माणसं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? आणि १९२० मध्ये ती बेल्जियममधल्या अँटवर्पला गेलीसुद्धा. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथली मॅरेथॉन पळाले. २ तास ५० मिनिटं आणि काही सेकंदांत त्यांनी ती पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. परका देश, परकी हवा आणि परकं अन्न अशा ठिकाणी त्या माणसाला मध्येच बसून घ्यावंसं वाटलंच नसेल का? पण ते बसले नाहीत. तेव्हा 'सोडायचं नाही' या दोन शब्दांना नावं ठेवण्याइतका मी उद्धट नाही. एवढंच म्हणतो, की पळणारे पाय चौगुल्यांचे एकट्याचे होते. पण ते पाय बोटीने तिथवर पोचवायला पैसे घालणारे, गोळा करणारे, अर्ज लिहिणारे असे बरेच हात लागले होते. मॅरेथॉनवरच्या प्रवचनांत पायांबद्दल पुष्कळ असतं. हातांबद्दल काही नसतं.

हातांबद्दलचं ज्ञान मला वढू बुद्रुकला झालं.

शिरूर तालुक्यातलं, भीमेकाठचं हे गाव. पुण्याहून नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा करत भीमेचा पूल ओलांडायचा, कोरेगाव भीमा लागलं की आत वळायचं. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी इथे आहे. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचं तुळापूरही जवळच. फाल्गुन अमावास्येला आणि १४ मेच्या जयंतीला इथे माणसांचा पूर लोटतो. मित्राला त्या दिवसांत कुठल्याशा मोठ्या शर्यतीची तयारी करायची होती आणि वीस-बावीस किलोमीटरचा पल्ला हवा होता. खराडीपासून वढूपर्यंतचं अंतर त्याला बरोबर बसलं. तो पुढे धावणार आणि मी मागून मोटारीत पाणी, केळी आणि मीठ घेऊन जाणार, अशी श्रमविभागणी ठरली. सहनशक्तीचा खेळ मलाही नवा नव्हता. ताशी नऊ किलोमीटर वेगाने मोटार हाकणं आणि मागच्या ट्रकवाल्यांची मुक्ताफळं झेलणं, याला काही कमी सोशिकपणा लागत नाही.

तारीख होती १३ मे. पहाटे चारला निघून सातच्या सुमाराला आम्ही वढूत पोचलो. दर्शन घेऊन बाहेर आलो तर समोर एक टेम्पो उभा. त्यात भगवा झेंडा, पाण्याचे ड्रम, तेलाचा डबा आणि पंधरा-वीस पोरं. दौंडच्याही पुढचं कुठलं तरी गाव. समाधीपाशी मशाल पेटवायची आणि ती ज्योत पळत पळत आपल्या गावी न्यायची, म्हणजे जयंतीला ती गावात हजर. मध्ये साठ-सत्तर किलोमीटर आणि मे महिन्याचं ऊन. पोरांच्या पायांत काही नव्हतं. माझ्या मित्राच्या पायांत मात्र पोपटी रंगाचे बूट होते आणि त्यांच्या किमतीत त्या सगळ्या पोरांना वहाणा आल्या असत्या.

मित्राने लगेच तज्ज्ञाच्या भूमिकेत प्रवेश केला.

"एकेकजण किती किलोमीटर पळणार?"

"ज्याला जेवढं जमंल तेवढं, काका."

"तसं नाही. नियोजन काय? वेग काय धरलाय?"

"ज्योत इजू द्यायची न्हाई, एवढाच येग."

"बरं, मग यात पहिला कोण येतो?"

पोरगं माझ्या मित्राकडे जरा काळजीने बघायला लागलं. काकांना ऊन लागलं असावं, असा त्याचा समज झालेला दिसला. मग समजूत घातल्यासारखं ते म्हणालं, "पयली ज्योतच येती की!"

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं आटोपशीर तत्त्वज्ञान क्वचितच कानांवर पडलं.

पोरांनी मोठ्या मनाने मशाल थोडा वेळ मित्राच्या हातात दिली. मित्र कोरेगावच्या दिशेने जो निघाला तो निघालाच. पाचशे मीटर झाले, किलोमीटर झाला, दोन झाले. पुढचा गडी टेम्पोतून उतरून त्याच्या शेजारी पळू लागला, हात पुढे करू लागला. पण मित्राच्या चेहऱ्यावर चौथा धडा उमटला होता. सोडायचं नाही! टेम्पोतून शिट्ट्या झाल्या, त्याला वाटलं कौतुक चाललंय. शेवटी ड्रायव्हरने टेम्पो बरोबरीला घेतला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, तुमच्यात दम हाय, कबूल! पर सगळं तुमीच पळल्यावर ह्या पोरांनी यायचं कशाला?"

मित्राने मशाल दिली. ती कशी दिली जाते हे मी मोटारीतून नीट पाहिलं. देणारा थांबत नाही. घेणारा उभा राहून वाट बघत नाही; तो आधीपासूनच शेजारी धावत असतो. दोन-चार पावलं दोघांचेही हात दांड्यावर असतात. मग एक हात सुटतो. ज्योतीला कळतसुद्धा नाही, की माणूस बदलला.

परतीच्या वाटेवर मोटारीत बसल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता. ही ऐतिहासिक घटना असल्यामुळे मी तिच्यात व्यत्यय आणला नाही आणि माझ्या मनात खराच इतिहास घोळू लागला.

ज्या जागेवरून आम्ही निघालो होतो तिथल्या सहनशक्तीबद्दल माझ्यासारख्याने बोलू नये. १६८९ च्या फेब्रुवारीत महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. मधल्या दिवसांतलं ते सोसणं कुणाला वाटून घेता येणारं नव्हतं. तिथे आपण फक्त मान खाली घालायची. पण त्याच दिवसांत रायगडावर काय झालं ते पाहा. येसूबाईंचा मुलगा शाहू पुरता सात वर्षांचाही नव्हता. त्यांनी मुलासाठी गादी धरून ठेवली नाही; दिराला, राजारामांना पुढे केलं, त्यांना गडाबाहेर जाऊ दिलं आणि स्वतः गड लढवत मागे राहिल्या. पुढे तीस वर्षं मोगलांच्या कैदेत काढून त्या १७१९ मध्ये सुटल्या. राजाराम १७०० मध्ये गेले, तेव्हा ताराबाई उभ्या राहिल्या. मध्ये संताजी होते, धनाजी होते. दर वेळी दिल्लीला वाटे, आता विझली. दर वेळी पुढचा कुणीतरी हात पुढे करून शेजारी धावत असे.

आणि समोर कोण होता? औरंगजेब. सहनशक्ती म्हणाल तर अफाट. दक्षिणेत उतरला तेव्हा वय साठीच्या पलीकडे. त्यानंतर पंचवीस वर्षं छावणीत काढली. पाऊस, चिखल, पूर, साथी सगळं सोसलं, पण मोहीम सोडली नाही. चौथ्या धड्याचा इतका निष्ठावंत विद्यार्थी दुसरा नसेल! फक्त मशाल त्याने कधी कुणाच्या हातात दिली नाही. एका मुलाला कैदेत टाकलं, एक बंड करून परागंदा झाला, उरलेल्यांवर पहारे ठेवले. १७०७ मध्ये अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, याच नगर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या अहमदनगरला तो गेला आणि त्याच वर्षी त्याची मुलं जाजवच्या रणात एकमेकांवर तुटून पडली. इतिहासकार याची पुष्कळ कारणं देतील आणि ती बरोबरच असतील. पण त्या टेम्पोच्या ड्रायव्हरने एकच प्रश्न विचारला असता : सगळं तुमीच पळल्यावर पोरांनी करायचं काय?

आपल्याकडे हे शहाणपण नवीन नाही. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवायची नसते. म्हणून काय एकच बुवा सात दिवस उभा राहतो? पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि जाताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. पहाटे तीनचा पहारा ज्याच्याकडे आहे तो डोळे चोळत येतो, पण येतो. 'अखंड' हा शब्द नामाला लावलेला आहे, वीणेकऱ्याला नाही.

पांढरपेशांच्या घरात मात्र आपण हा शब्द माणसाला लावतो. 'खांदेपालट' म्हटलं, की आपल्याला मंत्रिमंडळच आठवतं, आणि तिथेही एकाचा खांदा मोकळा होण्याऐवजी दुसऱ्याचा दुखावतो. एरवी खांदे पालटायला आपण तयार नसतो. सोसायटीचे चेअरमन अठरा वर्षं 'आता कुणीतरी तरुणाने पुढे यावं' असं म्हणतात आणि तरुण पुढे आला, की त्याला घटनेतलं कलम दाखवतात. आजीबाई फडताळाच्या किल्ल्या कमरेला लावून 'माझ्यामागे कसं व्हायचं?' म्हणतात, किल्ली दिली तर काय व्हायचं ते आजच कळेल, म्हणून देत नाहीत. निवृत्त साहेब कचेरीत सहज म्हणून डोकावतात आणि तीन तास सहजच बसतात.

हे झाले सोडायला तयार नसणारे. त्यांच्यावर विनोद करता येतो, कारण त्यांच्या हातातलं कुणी घेऊ म्हणत असतं. खरी अवघड गोष्ट निराळीच आहे. काहींच्या हातातलं कुणी घेतच नाही. त्यांना सोशीक म्हणतात.

माझ्या मित्राची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहे. अर्धांगवायू. ती दोन गल्ल्यांपलीकडे थोरल्या भावाकडे असते. भाऊ नोकरीनिमित्त फिरतीवर. सहा वर्षं वहिनी तिचं सगळं करतात. कूस बदलणं, अंग पुसणं, औषधं आणि रात्री तीनदा उठणं. घरात कार्य निघालं, चार माणसं जमली, की वहिनींचं कौतुक होतं. "त्यांच्यासारखी सहनशक्ती पाहिली नाही" हे वाक्य मी त्या घरात किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. मीही त्यात माना डोलावल्या आहेत. वढूच्या आधी एकदा मित्राने तर कडीच केली. मॅरेथॉनचं पदक गळ्यात घालून आईला दाखवायला गेला आणि भारावून म्हणाला, "वहिनी, खरी मॅरेथॉन तुमचीच. मी तुमच्याकडूनच शिकतो."

वहिनी आईंचं पातळ पिळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग भाऊजी, थोडी पळता का?"

सगळे हसले. मित्रही हसला. वहिनी हसल्या की नाही, ते त्या पाठमोऱ्या असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

कौतुक हा टेम्पोत बसून करायचा प्रकार आहे. शिट्ट्या मारायच्या, घोषणा द्यायच्या, 'वा, काय दम आहे' म्हणायचं. आणि उतरायचं मात्र नाही. एखाद्याला 'सहनशील' ही पदवी दिली, की त्याचं ओझं घेण्यातून आपण मोकळे होतो. पदवी फुकट पडते, रात्र जागावी लागते.

यावर कुणी म्हणेल, मग काय, दमलं की टाकून द्यायचं? कर्तव्य म्हणून काही आहे की नाही? आहे. म्हणूनच तर दोन गोष्टींत घोटाळा करून चालणार नाही. मशाल रस्त्यात टाकणं वेगळं आणि हातात देणं वेगळं. टाकणाऱ्याला ज्योतीचं काही पडलेलं नसतं. देणाऱ्याला ज्योतीचंच पडलेलं असतं, स्वतःच्या नावाचं नसतं. आणि द्यायचं तर घेणारा आधीपासून शेजारी धावत पाहिजे. रस्त्याच्या कडेला उभं राहून 'दमलात की सांगा हं' म्हणणाऱ्याच्या हातात धावता धावता काही देता येत नाही. सोडू नये हा धडा पळणाऱ्यासाठी आहे. बघणाऱ्यासाठी धडा एकच : टेम्पोतून उतरावं.

वढूहून आल्यावर आठ-दहा दिवस मित्राचं प्रवचन झालं नाही. मग एकदा तो म्हणाला, की दर शनिवारी रात्री तो आईपाशी झोपायला जाणार आहे. रविवारी पहाटेच तर यांची मोठी दौड असते. मी म्हटलं, "आणि तुझा सराव?" तो म्हणाला, "बघू. शर्यत दर वर्षी असते."

पहिल्या शनिवारी वहिनींना दांडा सोडवेना. औषधाची कुठली बाटली, कूस कुठल्या बाजूला, पाणी चमच्याने कसं घालायचं, दिवा कुठला ठेवायचा, हे सगळं त्यांनी तीनदा सांगितलं आणि तरी दारात उभ्याच राहिल्या. मित्राने एका कागदावर ते सगळं लिहून घेतलं. रात्री दीड वाजता आणि परत चार वाजता वहिनी येऊन डोकावून गेल्या. आईने मुलाला रात्रभर जागं ठेवलं. तिच्या तब्येतीपेक्षा मुलगा आला आहे याचाच तो परिणाम असावा.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यातली गोष्ट. रविवारी सकाळचे आठ वाजले तरी वहिनींच्या खोलीचं दार उघडलं नाही. घर घाबरलं. मुलीने दार ढकलून बघितलं. वहिनी नुसत्या झोपल्या होत्या. सहा वर्षांत त्यांना उजेडात झोपलेलं कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ओळखायला जरा वेळ लागला. मुलीने दार हलकेच ओढून घेतलं आणि चहाचं आधण तिने स्वतः ठेवलं.